नारिंगी टोक

जनकगंज ठाण्याच्या मालखान्यात
दादांची रायफल सहा वर्षं उभी आहे.
सुतळीनं बांधलेला पुठ्ठा गळ्यात:
इंगळे वि. म., पॉइंट बावीस, बोल्ट अ‍ॅक्शन, चालू हालत.
माणूस गेला की परवाना त्याच्यामागे जातो,
बंदूक इथेच राहते.

मी दौलतगंजात कवळ्या करतो.
दुसऱ्याच्या जबड्याचं माप घ्यायचं
आणि पडून गेलेल्यासारखं काहीतरी
परत बसवून द्यायचं.
म्हटलं, हीसुद्धा एक कवळीच.

मुन्शी कुशवाह म्हणाला, हाथ मत लगाना भाईसाहब,
देखने पे कोई दफ़ा नहीं.
मग माझा व्हर्नियर उलटा धरून
टोकापासून दस्त्यापर्यंत तोच मोजत गेला,
आणि मी पाठकोऱ्या पंचनाम्यावर आकडे उतरवत राहिलो,
आजाऱ्याचा ताप लिहून घ्यावा तसे.

शीशम म्हणजे नया बाजारात मोडीत निघालेल्या
कुणाच्या तरी पलंगाचा पाया.
अ‍ॅल्युमिनियमची नळी हजिऱ्यात, इरफानच्या लेथवर.
आतलं पितळ, स्प्रिंग, रबराची वाटी
दिल्लीहून कुरियरनं, वर लिहिलेलं: खिलौना.
सहा मिलिमीटरचे पांढरे दाणे पिशवीभर.
आईनं चिमटीत घेऊन विचारलं,
हे भिजायला किती वेळ लागतो?

कारखान्यातून येताना सगळ्या रायफली सारख्याच असतात.
दादांनी चाळीस वर्षांत ती आपल्यापुरती केली होती.
गाल टेकायचा तिथलं पॉलिश उडालेलं,
बटप्लेटचा खालचा स्क्रू गायब,
आणि डाव्या अंगाला, बोल्टच्या खाली,
नखाएवढा एक घाव.
क्लबात पडली असेल कधी, असं मी धरून चाललो होतो.
त्यांनी जन्मात एकही पाखरू मारलं नाही,
फक्त कागद. रविवारी. दहा रुपयांच्या पैजेवर.

सगळ्यात जास्त वेळ घेतला त्या घावानं.
दातांचं मेण कोरायच्या सुरीनं तीन रात्री कोरला,
चहाच्या पाण्यानं जुना केला.
वजन तरीही भरेना.
दस्ता आतून पोखरला, शिसं ओतलं.
खांद्याला लावली, तेव्हा
खांद्याला काहीतरी आठवलं, मला नाही.

आईनं चष्मा चढवला. बोट फिरवलं.
एक बोट मागे हवा होता, म्हणाली.
काय?
हा. मी मारलेला.
ज्या वर्षी तुझ्या ताईच्या फीचे पैसे काडतुसांत गेले.
अडकित्ता हातात होता, तोच फेकला.
त्यांना लागला नाही. हिला लागला.
नंतर महिनाभर रोज तेल लावायचे तिथे, मला दिसेल असं.

मी विचारलं, बुजवू का?
ती म्हणाली, आता राहू दे. मेहनत केलीयस.

या शहरात वरातीत खऱ्या बंदुका खांद्यांवर नाचतात.
बँकेच्या रांगेत उभ्या राहतात, पेढे खातात.
खोटीला मात्र आपण खोटी आहोत
हे लांबूनच सांगावं लागतं.
म्हणून नळीचं टोक नारिंगी रंगवलं.
आईला रंग आवडला नाही.
बाटलीत उरलेला तिनं तुळशीच्या कुंडीला फासला.

गच्चीवर गजकचा रिकामा डबा,
अकरा पावलांवर.
थंडीत तिच्या बोटांना ट्रिगर जड गेला,
मग एकदम हलका.
डब्याच्या बाजूच्या टाकीवर
टक् वाजलं, डाळीत खडा लागावा तसं.
कठड्यावरची कबुतरं उडालीसुद्धा नाहीत.

तेही डावीकडेच मारायचे, ती म्हणाली,
आणि हात पुढे केला,
दाण्यांसाठी.